‘डिस्क गेली’ असं सांगून माझ्याकडून १२,२०० रुपये घेतले

ज्यांच्याकडे पाच-सात वर्षांपूर्वीचा असेंबल्ड कॉम्प्युटर आहे आणि आता त्यावर विंडोज ११ टाकायचा विचार आहे, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहितेय. माझे पैसे गेले. पैशांपेक्षा मोठं जे गेलं, ते शेवटी सांगते.

मी कराडमध्ये डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, बिलबुकं, वर्षश्राद्धाची कार्डं. कॉम्प्युटर २०१९ मध्ये घेतलेला, नवव्या पिढीचा आय-फाइव्ह. त्यात दोन डिस्क: २४० जीबीच्या एसएसडीवर (ही वेगवान डिस्क) विंडोज, आणि १ टीबीच्या हार्ड डिस्कवर सगळं काम. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या विंडोजवर लोकांची कामं करणं बरोबर वाटेना, म्हणून स्वतःच नवी विंडोज टाकायला बसले. वाचून सगळी तयारी केली होती. विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवला, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, टीपीएम चालू केलं, आणि सिक्युअर बूटसाठी सीएसएम नावाचा पर्याय बंद केला. (टीपीएम आणि सिक्युअर बूट या विंडोज ११ ला लागणाऱ्या सुरक्षेच्या सोयी; सीएसएम म्हणजे जुन्या पद्धतीने मशीन सुरू करू देणारी सोय.) त्यानंतर जुनी विंडोज सुरूच होईना. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलेशन चालू झालं, पण डिस्क निवडायच्या पानावर अडलं. एसएसडीवर क्लिक केलं की खाली संदेश यायचा: या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे, ईएफआय सिस्टिमवर विंडोज फक्त जीपीटी डिस्कवरच टाकता येते. (पार्टिशन टेबल म्हणजे डिस्कचे भाग कुठे आहेत याची नोंद. एमबीआर ही ती ठेवायची जुनी पद्धत, जीपीटी नवी. ईएफआय किंवा यूईएफआय ही मशीन सुरू करायची नवी पद्धत.)

समोर ‘डिलीट’ आणि ‘फॉरमॅट’ अशी बटणं होती. इतक्या वर्षांचं काम त्याच मशीनमध्ये. मी हात मागे घेतला, मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढला आणि मशीन बंद केलं. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, चौदा पत्रिकांची प्रुफं द्यायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सीपीयू रिक्षात घालून दुरुस्तीच्या दुकानात नेला.

दुकानदाराने माझ्यासमोरच मशीन चालू केलं आणि बूटची यादी, म्हणजे मशीन कुठल्या डिस्कवरून सुरू करायचं ती यादी, उघडली. “हे बघा ताई, यादीत डिस्कचं नावच नाही. एसएसडी गेली. आणि मोठीचं पार्टिशन टेबल करप्ट झालंय. डेटा काढायला लागेल, नाहीतर सगळं जाईल.” मी वाकून पाहिलं. खरंच नाव नव्हतं. डोळ्यांनी पाहिलं म्हणून विश्वास बसला, आणि माझ्याच हातून काहीतरी बिघडलं या अपराधी भावनेने मी पुढे एक प्रश्नही विचारला नाही.

तीन दिवसांनी मशीन परत मिळालं. नवी एसएसडी ३,२००, डेटा रिकव्हरी ६,५००, विंडोजची की (लायसन्सचा कोड) १,८००, मजुरी ७००. वर ‘एस्टिमेट’ छापलेल्या चिठ्ठीवर हे आकडे पेनाने लिहिलेले. जुनी एसएसडी मागितली, तर “मेलेली डिस्क घेऊन काय करणार ताई, स्क्रॅपला गेली” म्हणाले. डी ड्राइव्ह, म्हणजे कामाची मोठी डिस्क, उघडून दाखवला, सगळ्या पत्रिका जागेवर होत्या. मला तर रडूच आलं, आणि मी त्यांचे आभार मानून घरी आले.

तीन आठवड्यांनी, नाताळच्या सुट्टीत भाचा पुण्याहून आला. तो कॉम्प्युटर दुरुस्तीचंच काम करतो. माझी हकीकत ऐकून म्हणाला, “मावशी, तो फोटो दाखव आधी.”

माझी सगळी केस त्या फोटोत होती. डिस्कच्या यादीत ड्राइव्ह ० म्हणजे २२३ जीबीची एसएसडी, आणि ड्राइव्ह १ वर ९३१ जीबीचं एकच पार्टिशन, मी दिलेल्या नावासकट. (२४० ची २२३ आणि १ टीबीची ९३१ दिसते, तो मोजायच्या पद्धतीतला फरक आहे, डिस्कचा दोष नाही.) डिस्क मेलेली असती तर तिची टेबल एमबीआर आहे हे विंडोजला वाचता आलं नसतं. आणि मोठ्या डिस्कची टेबल बिघडलेली असती तर तिथे पार्टिशनचं नाव दिसलंच नसतं, नुसती रिकामी जागा दिसली असती. दोन्ही डिस्क धडधाकट होत्या.

मग बूटच्या यादीत नाव का नव्हतं? कारण सीएसएम मीच बंद केलं होतं. २०१९ मध्ये ज्यांनी मशीन जोडलं, त्यांनी विंडोज जुन्या, लेगसी पद्धतीने एमबीआरवर टाकली होती. सीएसएम बंद केलं की मशीन फक्त यूईएफआय पद्धतीने सुरू होतं. मग ज्या डिस्कवर ईएफआयचं बूट पार्टिशन नाही, तिचं नाव बूटच्या यादीतून जातं. पण बायोसमध्येच साटाच्या, म्हणजे जोडलेल्या डिस्कच्या पानावर ती दिसत राहते. ते पान मला दाखवलंच नाही. सीएसएम पुन्हा चालू केलं असतं, तर माझी जुनी विंडोज तिथल्या तिथे सुरू झाली असती. दोन मिनिटांचं काम.

त्यानंतर खरा उपायही सोपा होता. जुनी विंडोज चालू असतानाच मायक्रोसॉफ्टच्या एमबीआरटूजीपीटी या प्रोग्रामने डिस्क बदलता येते. तो विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून विंडोजमध्येच आहे आणि फाइल्स न पुसता काम करतो, तरी आधी बॅकअप घ्यायचाच. किंवा एसएसडीवरचं सगळं दुसरीकडे ठेवून, इन्स्टॉलेशनच्या पानावर त्या डिस्कची सगळी पार्टिशनं डिलीट करायची. मोकळी जागा निवडून पुढे गेलं की विंडोज स्वतःच जीपीटी करून लागतील ती पार्टिशनं पाडते. काहीजण शिफ्ट आणि एफ-टेन दाबून डिस्कपार्ट उघडतात आणि त्यात ‘क्लीन’ देतात. तिथे डिस्कचा नंबर चुकला तर भलत्याच डिस्कची टेबल उडते. म्हणून असं काही करण्याआधी कामाच्या डिस्कची केबल काढून ठेवा. भाच्याने ही गोष्ट मला तीनदा बजावली.

मग त्याने क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा, फुकट मिळणारा प्रोग्राम चालवला. ‘नव्या’ एसएसडीचे चालू राहिल्याचे तास ९,४१२. तीन आठवडे रात्रंदिवस मशीन चालू ठेवलं तरी ५०४ तास होतात. मोठी हार्ड डिस्क एकदम ठणठणीत, खराब सेक्टर शून्य. तिचा सीरियल नंबर माझ्या २०१९ च्या बिलावरच्या नंबरशी जुळला. मी दुकानात जायच्या आधी डिलीट केलेल्या फाइल्ससुद्धा डी ड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये तशाच पडलेल्या होत्या. रिकव्हरी झालीच नव्हती. आणि समजा टेबल खरंच उडाली असती, तरी अशा डिस्कचं पार्टिशन टेस्टडिस्कने बहुतेक वेळा नावांसकट परत आणता येतं, आणि तो प्रोग्रामही फुकट आहे.

विंडोजच्या कीची गोष्ट तशीच. सेटिंगमध्ये लिहून आलं की विंडोज ‘तुमच्या संस्थेच्या’ अ‍ॅक्टिव्हेशन सेवेने चालू आहे. माझं एका खोलीचं डीटीपी सेंटर, माझी कुठली संस्था? चोरीचा अ‍ॅक्टिव्हेटर चालवला होता आणि त्यासाठी अँटिव्हायरसमध्ये एक फोल्डर वगळून ठेवला होता. खरं तर माझी विंडोज १० रीतसर घेतलेली होती. तिचं डिजिटल लायसन्स त्या मशीनशी बांधलेलं असतं. डिस्क बदलली तरी ते जात नाही आणि विंडोज ११ लाही चालतं. १,८०० रुपये कशाचेच नव्हते.

भाचा म्हणाला, अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये याहून सोपी फसवणूक होते. तिथे व्हीएमडी (डिस्क हाताळायची इंटेलची एक सोय) चालू असेल तर इन्स्टॉलेशनच्या पानावर डिस्क दिसतच नाही. इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’ केलं की दिसते. ‘डिस्क गेली’ म्हणायला तेवढं कारण पुरतं.

आम्ही दोघं दुकानात गेलो. तासांचा आकडा दाखवल्यावर एसएसडीचे ३,२०० परत केले, बाकीच्याबद्दल “तुम्ही कबूल केलं होतं” एवढंच. पक्कं बिल नव्हतं, पण व्हॉट्सअ‍ॅपवर “रिकव्हरीला ६५०० लागतील” हा त्यांचा मेसेज होता आणि पैसे यूपीआयने दिले होते. त्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

जुनी एसएसडी मात्र मिळाली नाही. ती चालू होती, म्हणजे तिच्यावरचं सगळं वाचता येतं. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये लोकांनी प्रिंटसाठी पाठवलेली आधार कार्डं होती, पॅन कार्डं, पासबुकाची पहिली पानं. ती मी वेळच्या वेळी पुसायला हवी होती. आता व्हॉट्सअ‍ॅपवरच्या जुन्या चॅट बघून मी त्या माणसांची वही केली आहे. रोज दुपारी काम थांबवून फोन करते, काय झालं ते खरं सांगते, आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक कसं करायचं ते फोनवर करून घेते. काही रागावतात, तो त्यांचा हक्क आहे. काल एका आजोबांना अर्धा तास लागला, पण लॉक झालं. वहीत अजून ६३ नावं बाकी आहेत.