विस्कटलेल्या खतावणीसाठी एक्सेलचा मॅक्रो

अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधून निघालेली खतावणी (लेजर, खातेनिहाय व्यवहारांची नोंद) म्हणजे खात्याचं नाव फक्त पहिल्या ओळीत, खाली सगळं रिकामं, मध्येच पानांची शीर्षकं. दर महिन्याला मी हे हातानं निस्तरायचे. आता व्हीबीए या एक्सेलमधल्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला मॅक्रो, म्हणजे ठरलेली कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, रिकाम्या सेलमध्ये वरचं नाव भरतो, फालतू ओळी उडवतो, जमेच्या रकमेला उणे चिन्ह लावतो. ओळी खोडताना लूप (एकेक ओळ तपासत जाणारा कोडचा भाग) खालून वर चालवा, नाहीतर लागोपाठच्या दोनांपैकी एक सुटते. हे उमगायला मला दोन संध्याकाळी लागल्या! आपल्या कृती नोंदवून मॅक्रो बनवणाऱ्या नुसत्या रेकॉर्डरवर विसंबू नका, तो एरवी सेलचे पत्ते ठरावीकच नोंदवतो. पुढच्या महिन्यात ओळी वाढल्या की काम अर्धवट. मॅक्रोनं केलेलं अन्डू होत नाही, म्हणून आधी मूळ फाइलची प्रत काढाच. नावे-जमेची बेरीज पहिल्यांदा जुळली, तेव्हा खरंच हायसं वाटलं.