एकाच स्टोरेजवर २२ व्हीएम: प्रॉक्समॉक्स आणि ट्रूनॅस नऊ महिने वापरल्यानंतर

गोरेगावच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा, पंचवीस-तीस माणसांचं ऑफिस, दोन प्रॉक्समॉक्स नोड (व्हर्च्युअल मशीन चालवणारे सर्व्हर), एक ट्रूनॅस स्टोरेज (सगळ्यांच्या डिस्क सांभाळणारा सर्व्हर) आणि त्यावर २२ व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम: सर्व्हरच्या आत चालणारे आभासी कॉम्प्युटर. टॅलीचा विंडोज सर्व्हर, डेटाबेस, फाइल सर्व्हर, टेस्टिंगवाल्यांची रोज बनणारी नि रोज मोडणारी लिनक्स मशीन, अशा सगळ्यांच्या डिस्क त्या एकाच स्टोरेजवर आहेत. एक अख्खा पावसाळा धरून नऊ महिने ही रचना रोज चालवल्यानंतरचा हा अनुभव. नवीन ऑफिसला पुन्हा हीच लावू, पण पहिल्या दिवसापासून काही गोष्टी वेगळ्या करू.

स्टोरेजमध्ये ४ टीबीच्या चार हार्ड डिस्क आहेत, दोन-दोनच्या मिरर जोड्या (दोन्हींवर तोच डेटा) करून. चारही डिस्क रेडझेडमध्ये (ट्रूनॅस वापरतं त्या झेडएफएस फाइल सिस्टिमची, एक डिस्क बिघडली तरी डेटा वाचवणारी दुसरी रचना) टाकल्या असत्या तर जागा जास्त मिळाली असती, पण रेडझेडचा एक गट बारीक, विखुरलेल्या लेखनाला साधारण एकाच डिस्कच्या वेगाने उत्तर देतो. व्हीएम नेमकं तसंच लिहितात. दोन मिरर म्हणजे लिहायला दोन डिस्कचा वेग आणि वाचायला चारही. डिस्क घेताना सीएमआर की एसएमआर (एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहितात, पुन्हा लिहायला ती संथ) हे डेटाशीटमध्ये पाहूनच घ्या. एसएमआर डिस्क बदलायची वेळ आली की रिसिल्व्हर (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) संपता संपत नाही. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात मागताना नुसतं ‘४ टीबी द्या’ म्हणू नका, मॉडेल नंबर लिहून न्या.

आधी एक गैरसमज

‘ही डिस्क दोन्ही मशीनला जोडून द्या, दोघांनाही फाइल दिसतील’ अशी मागणी महिन्यातून एकदा तरी येते. इथेच डेटा जातो. एक्सटी४, एक्सएफएस, एनटीएफएस या फाइल सिस्टिम आपण एकटेच मालक आहोत असं धरून चालतात. कुठला ब्लॉक मोकळा आहे याची नोंद प्रत्येक मशीन स्वतःच्या मेमरीत ठेवतं. एकाने ज्या ब्लॉकवर फाइल लिहिली तोच दुसऱ्याच्या हिशेबी मोकळा असतो, आणि तो बिनदिक्कत त्यावर लिहितो. सुरुवातीला एरर काहीच येत नाही. एका मशीनवर टाकलेली फाइल दुसऱ्यावर दिसत नाही, मग कोणीतरी दुसरं मशीन रीबूट करतं, फाइल दिसते, आणि सगळे कामाला लागतात. तोवर फोल्डरांच्या नोंदी एकमेकांवर चढलेल्या असतात, आणि पुढच्या डिस्क-तपासणीत अर्ध्या फाइल लॉस्ट अँड फाउंड फोल्डरमध्ये नावाविना सापडतात.

‘मग दुसरीकडे रीड-ओन्ली जोडा’ हाही उपाय नाही. एक्सटी४ रीड-ओन्ली माउंट केली तरी आधी जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही) पुन्हा चालवते, म्हणजेच डिस्कवर लिहिते. ते टाळायला नोलोड हा पर्याय द्यावा लागतो, आणि तरीही मूळ मशीन पुढे लिहीत असल्यामुळे दिसतं ते शिळं आणि अर्धवट.

चालू व्हीएमच्या डिस्कमधली एखादी फाइल दुसऱ्या मशीनला हवी असेल तर झेडएफएसचा स्नॅपशॉट (त्या क्षणाचं गोठवलेलं चित्र) घ्या, त्याचा क्लोन (लिहिता येणारी वेगळी प्रत) करा आणि क्लोनमधली इमेज, म्हणजे व्हीएमच्या डिस्कची फाइल, गेस्टमाउंट या टूलने उघडा. क्लोन वेगळा असल्यामुळे मूळ डिस्कला धक्का लागत नाही. काम झालं की क्लोन आठवणीने काढून टाका, नाहीतर तो स्नॅपशॉट अडकून राहतो आणि जागा सुटत नाही. रोज लागणाऱ्या फाइल मात्र सांबातून किंवा एनएफएसमधून (नेटवर्कवर फाइल शेअर करण्याच्या दोन पद्धती), म्हणजे फाइलच्या पातळीवरच वाटा. टॅलीचा डेटा आमच्याकडे विंडोज व्हीएमच्या आतच आहे आणि तिथूनच शेअर होतो. ती डिस्क दुसऱ्या कुठल्याही मशीनला जोडलेली नाही.

व्हीएम प्रत्यक्ष चालवणारं क्यूईएमयू इमेजवर लॉक ठेवतं, हा मोठाच आधार. तीच इमेज दुसरीकडून सुरू करायला गेलं की राइट लॉक मिळाला नाही असा एरर येतो. तो दिसला की लोक क्यूएम अनलॉक चालवतात, पण ती कमांड प्रॉक्समॉक्सच्या कॉन्फिगमधला लॉक काढते, इमेजवरच्या लॉकला ती हातही लावत नाही. इमेजचा लॉक दिसत असेल तर ते व्हीएम दुसऱ्या नोडवर जिवंत आहे का ते आधी तपासा. बहुतेक वेळा असतंच.

एनएफएस की आयस्कझी

आयस्कझी नेटवर्कवरून फाइल नव्हे, अख्खी डिस्कच देतं. दोन्ही वापरून पाहिलं आणि एनएफएसवर स्थिरावलो. आयस्कझीवर एलव्हीएम (डिस्कचे भाग पाडण्याची लिनक्सची पद्धत) घेतलं तर प्रत्येक व्हीएमची पूर्ण जागा आधीच अडकते, आणि प्रॉक्समॉक्स ९ च्या आधी त्यावर स्नॅपशॉटच मिळत नव्हते. ९ मध्ये आले आहेत, पण चाचणीच्या दर्जाचे म्हणून. एनएफएसवर क्यूकाऊ२ फाइल (व्हीएमच्या डिस्कचा फाइल-प्रकार) ठेवली की स्नॅपशॉट मिळतात, लागेल तेवढीच जागा जाते, आणि कुठली डिस्क कुणाची ते फाइलच्या नावावरून कळतं. दोन स्वतंत्र मार्गांनी मल्टिपाथ हवा असेल तर आयस्कझी घ्या. दोन-तीन नोडच्या ऑफिसला त्याची गरज पडत नाही.

आमची सेटिंग अशी. व्हीएमसाठी वेगळा डेटासेट (झेडएफएसमधला स्वतंत्र विभाग), रेकॉर्डसाइज ६४के (क्यूकाऊ२चा क्लस्टरही ६४ केबीचाच असतो, मुळातलं १२८के ठेवलं तर छोट्या लेखनालाही मोठा रेकॉर्ड पुन्हा लिहावा लागतो), कॉम्प्रेशन एलझेड४, एटाइम (फाइल शेवटची कधी वाचली त्याची नोंद) बंद. एनएफएस शेअरमध्ये मॅपरूट यूजर म्हणून रूट (सर्वाधिकार असलेला यूजर), कारण प्रॉक्समॉक्स रूट म्हणून लिहितो आणि मॅपिंग नसेल तर स्टोरेज जोडलं जातं पण डिस्क बनवताना परवानगी नाकारली जाते. प्रॉक्समॉक्सकडे एनएफएस ४.२ आणि एनकनेक्ट ४ (एकाऐवजी चार जोडण्या). व्हीएममध्ये व्हर्टआयओ स्कझी सिंगल, आयओ थ्रेड चालू, डिस्कार्ड (पुसलेली जागा स्टोरेजला कळवणं) चालू, कॅश ‘नो कॅश’वर.

४.२चा आग्रह यासाठी की व्हीएममध्ये पुसलेली जागा स्टोरेजला परत मिळण्याची सोय एनएफएसमध्ये त्या आवृत्तीपासूनच आहे. जुन्या आवृत्तीवर डिस्कार्ड चालू दिसतं, आतून एफएसट्रिम (मोकळी जागा परत करणारी कमांड) चालवली तर तीही यशस्वी म्हणते, पण क्यूकाऊ२ फाइल तेवढीच राहते. सुरुवातीचे दोन महिने आमच्याकडे हेच चाललं होतं.

मॅपरूट रूट केलं म्हणजे जबाबदारी वाढली. साधं एनएफएस समोरच्याने सांगितलेल्या यूजर आयडीवर विश्वास ठेवतं. ते शेअर सगळ्या ऑफिस नेटवर्कला उघडं राहिलं तर कुणीही लॅपटॉपवर रूट होऊन सगळ्या व्हीएमच्या डिस्क उचलून नेऊ शकतो. म्हणून स्टोरेजचा व्हीएलएएन (स्विचमध्येच वेगळं काढलेलं नेटवर्क) वेगळा ठेवा, त्याला राउटिंग देऊ नका, आणि शेअरमध्ये फक्त दोन नोडचे आयपी लिहा. माणसांना हवं ते सांबातून द्या, त्यांच्या नावाने.

सिंक बंद करू नका

हार्ड डिस्कवर एनएफएस पहिल्यांदा लावलं की व्हीएम रडतखडत चालतात, आणि कुणीतरी सुचवतं की सिंक (डेटा पक्का डिस्कवर गेल्यावरच ‘लिहिलं’ म्हणण्याचा नियम) ‘डिसेबल्ड’ करा. केलं की वेग लगेच वाढतो. पण मग झेडएफएस ‘लिहिलं’ असं उत्तर डेटा फक्त रॅममध्ये असतानाच देऊ लागतो, आणि डिस्कवर उतरवतो साधारण दर ५ सेकंदांनी. मधे वीज गेली की डेटाबेसने पक्की मानलेली एंट्री कुठेच नसते. झेडएफएस स्वतः निरोगी उठतो, बिघडतं ते व्हीएमच्या आतलं.

त्यावरचा योग्य उपाय म्हणजे स्लॉग, सिंकचं लेखन आधी पटकन नोंदवून घेणारी डिस्क: पॉवर लॉस प्रोटेक्शन असलेली, म्हणजे आत कपॅसिटर असलेली एसएसडी. आकार फार लागत नाही. १० गिगाबिटची लाइन सेकंदाला जास्तीत जास्त १.२५ जीबी आणते, ५ सेकंदांचे सव्वासहा, दोन खेपा धरल्या तरी साडेबारा. १६ जीबी पुरे. कपॅसिटर नसलेली घरगुती एसएसडी इथे लावू नका. प्रत्येक फ्लशला ती अडते, आणि वीज गेल्यावर तिचाच भरवसा नाही.

नेटवर्क

१ गिगाबिटवर सेकंदाला ११०-११५ एमबी मिळतात. २०० जीबीची डिस्क हलवायला अर्धा तास. १० गिगाबिटची जुनी सर्व्हर कार्डं आणि डीएसी केबल (दोन्ही टोकांना प्लग बसवूनच येणारी) लावल्यावर अडथळा हार्ड डिस्कवर गेला. तांब्याच्या आरजे४५ वायरीसाठीचे १० गिगाबिट मॉड्यूल मात्र हाताला चटका बसेल एवढे तापतात. रात्री एसी बंद होणाऱ्या गाळ्यात ते नकोत.

जंबो फ्रेम (नेटवर्कची मोठी पाकिटं) लावायच्या तर दोन्ही नोड, स्विच आणि स्टोरेज सगळीकडे एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) ९०००. एक जागा सुटली तर विचित्र खेळ होतो: पिंग जातो, स्टोरेज जोडलंही जातं, आणि मोठी फाइल सुरू झाली की सगळं गोठतं. तपासायला पिंग ८९७२ बाइटचा आणि तुकडे न करण्याच्या पर्यायासह पाठवा.

कोरोसिंकला (नोडना एकमेकांची खबर देणारी प्रणाली) वेगळी वायर द्या. हे लिहिताना जोर देतोय कारण बहुतेक जण इथे पैसे वाचवतात. बॅकअपने लाइन भरली की कोरोसिंकचे निरोप उशिरा पोचतात, नोडला वाटतं आपण क्लस्टरमधून तुटलो, आणि हाय अव्हेलेबिलिटी (एक नोड पडला की त्याची व्हीएम दुसऱ्यावर आपोआप सुरू करणं) चालू असेल तर सुमारे मिनिटभरात तो स्वतःलाच रीबूट करतो. दोन नोडच असतील तर तिसऱ्या मतासाठी (क्लस्टरला बहुमत लागतं) एका छोट्या लिनक्स मशीनवर क्यूडिव्हाइस ठेवा.

जुलैमध्ये रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत रेंगाळायला लागला. एरर कुठेच नाही. स्विचवर त्या पोर्टचा दिवा हिरव्याऐवजी केशरी होता: १ गिगाबिटची मॅनेजमेंटची लाइन १०० मेगाबिटवर उतरली होती आणि बॅकअप तिच्यावरून जात होता. गिगाबिटला वायरीच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन. दमट हवेत कनेक्टरच्या धातूच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढला होता, एक जोडी गेली होती. नवीन कनेक्टर मारला, प्रश्न मिटला. आता दर आठवड्याला एक स्क्रिप्ट लिंकचा वेग पाहून कळवते. मुंबईत हे करावंच.

माणसांमध्ये जागा वाटताना

प्रॉक्समॉक्समध्ये प्रत्येक यूजरला स्टोरेजचा कोटा देण्याची सोय नाही. डेटास्टोअर यूजरचा रोल दिला की तो माणूस त्या स्टोरेजवर हवी तेवढी जागा घेऊ शकतो. म्हणून प्रत्येक टीमला वेगळा डेटासेट, त्याला झेडएफएसचा कोटा, आणि प्रॉक्समॉक्समध्ये ते वेगळं स्टोरेज. कोटा आणि रेफकोटा यात गल्लत नको. कोट्यात स्नॅपशॉटही मोजले जातात, त्यामुळे माणूस जुनी व्हीएम पुसतो आणि जागा तेवढीच भरलेली दिसते. रेफकोटा फक्त चालू डेटा मोजतो. टीमसाठी रेफकोटा ठेवा आणि स्नॅपशॉटची जागा आपण सांभाळा.

पूल (सगळ्या डिस्कची मिळून जागा) ८० टक्क्यांच्या पुढे गेला की मेल येईल अशी व्यवस्था पहिल्या दिवशी करा. जागा पूर्ण संपली की व्हीएम बंद पडत नाही, आहे त्या क्षणी थिजतं. विंडोजच्या कन्सोलवर माउस हलत नाही आणि कोपऱ्यातलं घड्याळ ११:४० वर थांबलेलं असतं. प्रॉक्समॉक्सच्या यादीत नावापुढे पिवळं चिन्ह आणि ‘आयओ-एरर’. अशा वेळी हात आपोआप रीसेटकडे जातो, पण रीसेट नको. आधी जुने स्नॅपशॉट काढून जागा करा, मग रिझ्यूम दाबा. मशीन होतं तिथूनच पुढे चालतं, उघडी एक्सेलसुद्धा तशीच सापडते.

स्टोरेज गेलं तर

एनएफएस माउंट मुळातच ‘हार्ड’ असतं, ते तसंच राहू द्या. स्टोरेज रीस्टार्ट झालं तर व्हीएम वाट पाहत थांबतात आणि नंतर सावरतात. ‘सॉफ्ट’ केलं तर त्यांना थेट एरर जातो आणि एक्सटी४ रीड-ओन्ली होऊन बसते. हार्डचा त्रास एवढाच की तेवढ्या वेळात प्रॉक्समॉक्सच्या स्क्रीनवर सगळीकडे राखाडी प्रश्नचिन्हं दिसतात. स्टोरेज परत आल्यावरही एनएफएस ४ जुने लॉक परत गोळा करायला साधारण ९० सेकंद घेतं. तेवढं थांबा. घाबरून नोड रीबूट केला की दोन मिनिटांच्या अडचणीची दोन तासांची होते.

१२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बिघडून अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, तेवढा वेळ कुठलाही ऑफिसचा यूपीएस पुरत नाही. त्याने फक्त व्यवस्थित बंद होण्यापुरता वेळ द्यायचा. क्रम चुकला तर त्याचाही उपयोग नाही: आधी व्हीएम, मग नोड, शेवटी स्टोरेज. सुरू करताना उलटा. एनयूटीमध्ये (यूपीएसवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) यूपीएसची यूएसबी वायर स्टोरेजला, ते मास्टर, आणि दोन्ही नोड त्याचे क्लायंट. नोडना व्हीएम बंद करायला पाच मिनिटं द्या, विंडोजचे अपडेट नेमके तेव्हाच लागतात.

या रचनेतली मोठी उणीव म्हणजे स्टोरेज एकच आहे. दोन नोडपैकी एक गेला तर काम चालतं, स्टोरेज गेलं तर सगळंच थांबतं. त्यासाठी दुसरं जुनं मशीन ठेवून त्यावर दर १५ मिनिटांनी स्नॅपशॉट पाठवतो, म्हणजे वाईटात वाईट साधारण १५ मिनिटांचं काम जाईल. पण आयपी बदलून चालू व्हीएम त्यावर वळवता येत नाहीत, स्टेल फाइल हँडल (उघडलेली फाइल आता सापडत नाही असा एरर) येतो. व्हीएम बंद करा, जुनं माउंट काढा, दुसऱ्या मशीनवरचा डेटासेट लिहिता येईल असा करा, त्याच नावाने स्टोरेज जोडा, मग एकेक करून सुरू करा, टॅली आणि डेटाबेस आधी. पायऱ्या छापून रॅकच्या दारावर आतून चिकटवल्या आहेत, कारण त्या वेळी विकी असलेली व्हीएमही बंदच असते.