जुना काँक्रीटचा महामार्ग: सांधे दुरुस्त करायचे, वर डांबर घालायचं की नवं काँक्रीट?

पाऊस थांबल्यावर जुन्या काँक्रीटच्या महामार्गाकडेला उभं राहून भरलेला ट्रक सांध्यावरून जाताना बघा. चाक सांध्याशी आलं की अलीकडचा स्लॅब दबतो, सांधा ओलांडला की पलीकडचा दबतो, आणि फटीतून गढूळ पाण्याची पिचकारी उडते. त्या पाण्याबरोबर खालची बारीक माती निघते. काही बाहेर पडते, काही अलीकडच्या स्लॅबखाली जाऊन बसते. काही वर्षांत अलीकडचा स्लॅब वर, पलीकडचा खाली, मध्ये पायरी. गाडीत बसून ऐकू येणारं धप्-धप् या पायऱ्यांचंच.

डांबराचा थर सगळ्यांना आवडतो, कारण काम पटकन होतं, सुरुवातीचा खर्च कमी आणि रात्री घातलेल्या थरावरून सकाळी वाहतूक सुरू. पण साडेचार मीटरचा स्लॅब तापमानाप्रमाणे आकसतो आणि पसरतो, ट्रकखाली सांधा वरखाली होतो. वर चिकटलेलं डांबर नेमकं तिथेच फाटतं. भेग वर्षाला साधारण 25 मिमी वर चढते असा जुना ठोकताळा आहे, म्हणजे 50 मिमीचा थर किती टिकेल ते उघड आहे. त्या भेगेतून पाणी पुन्हा खाली, आणि पिचकारीचा खेळ आता डांबराखाली, नजरेआड. मला हा पर्याय दोन-तीन वर्षांची सोय म्हणून चालतो, दुरुस्ती म्हणून नाही.

डांबरच घालायचं तर आधी स्लॅब मोडा. अर्ध्या ते एक मीटरचे तुकडे पाडून जड रोलरने बसवले की हालचाल अनेक बारीक भेगांत वाटली जाते. किंवा पूर्ण चुरा करा, म्हणजे सांधा उरतच नाही. पण मग जुनं काँक्रीट हा फक्त खडीचा पाया होतो आणि वर डांबर जाडच लागतं. खालची जमीन ओली, मऊ असेल तर चुऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

काँक्रीट मुळात धड असेल तर माझं मत सरळ सांध्यांच्या दुरुस्तीला. तुटलेला भाग पूर्ण जाडीत, लेनच्या पूर्ण रुंदीत आणि किमान 1.8 मीटर लांब कापायचा. जुना तुकडा शक्यतो उचलून काढावा. ब्रेकरने जागेवर फोडला तर खालचा थर उसकटतो. मग कडेला भोकं पाडून डॉवेल, म्हणजे एका स्लॅबचा भार दुसऱ्यावर नेणारे लोखंडी बार, बसवायचे. ज्या सांध्यांत डॉवेल नाहीत तिथे चाकाच्या प्रत्येक वाटेत तीन-चार खाचा कापून सुमारे 450 मिमी लांबीचे बार ठेवतात, निम्मा या स्लॅबात, निम्मा त्या. बारला तेल, टोकांना टोप्या, मधोमध फोमची पट्टी. ही पट्टी सरकली आणि भरणीचा माल सांध्यात शिरला, तर पहिल्या कडक उन्हात तिथलं काँक्रीट उडतं. त्यानंतर डायमंड ग्राइंडिंगने 3 ते 6 मिमी पृष्ठभाग घासून पायऱ्या काढायच्या आणि शेवटी सांधे भरायचे. नुसतं ग्राइंडिंग केलं तर रस्ता गुळगुळीत लागतो खरा, पण पायऱ्या परत येतात.

या पर्यायाचा मोठा फायदा म्हणजे लेननिहाय काम करता येतं. अमेरिकेत इलिनॉयमधल्या 1958 ते 1960 च्या आशो चाचणीतून (मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक चालवून झीज मोजण्याचा प्रयोग) निघालेला नियम सांगतो की एक्सलवरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज साधारण सोळापट. म्हणून ट्रकची लेन फुटलेली आणि शेजारची जवळपास शाबूत, असं चित्र दिसतं. ठिगळं आणि डॉवेल फक्त तिथे घाला, बाकी घासून घ्या. वरून थर घालायचा तर ही मुभा नाही. सगळ्या रुंदीची उंची वाढवावी लागते.

पण काँक्रीटच कुजत असेल, म्हणजे खडीतला दगड आणि सिमेंटमधली अल्कली यांची प्रक्रिया सुरू असेल किंवा सांध्यालगत गोठण्याने बारीक समांतर भेगा पडल्या असतील, तर प्रत्येक ठिगळाशेजारी पुढच्या वर्षी नवं ठिगळ लागतं. त्यामुळे कोअर, म्हणजे तपासणीसाठी कापून काढलेला काँक्रीटचा गोल तुकडा, सांध्याजवळूनही काढा. स्लॅबच्या मधला कोअर बहुतेकदा छानच निघतो. सांध्यांची भारचाचणी पहाटे करा, दुपारी स्लॅब पसरून एकमेकांना धरतात आणि खराब सांधाही पास होतो. शंभरात दहाहून जास्त स्लॅब बदलायचे निघाले तर मी दुरुस्तीचा नाद सोडतो.

अशा वेळी नवं काँक्रीट. मध्ये 25 मिमी डांबर किंवा जाड जिओटेक्स्टाइल (बांधकामातलं कृत्रिम कापड), वर 150 ते 250 मिमी नवा स्लॅब. खालच्या भेगा वर येत नाहीत, कारण दोघांना चिकटूच दिलेलं नसतं. सुरुवातीचा खर्च जास्त, काँक्रीट ताकद धरेपर्यंत लेन बंद, पण आयुष्य दशकांत मोजायचं. चिकटवलेला पातळ थर वेगळा: तो शाबूत स्लॅबवरच चालतो आणि त्याचे सांधे खालच्या सांध्यांवर तंतोतंत यावे लागतात.

अडचण उंचीची. वरून जाणाऱ्या पुलाखालची मोकळी जागा कमी होते, कडेचे कठडे बुटके पडतात. तिथे पुलाआधी आणि पुलानंतर उतार देऊन तेवढाच तुकडा उखडून जुन्या पातळीला नवा करतात, बाकी लांबीवर थर. पूर्ण महामार्ग उखडायचा तो खालचा पायाच वाहून गेला असेल तर.