जांबोटीपुढचे घरगुती निसर्ग-निवास आणि त्याच्या विस्ताराचा आराखडा

बेळगावहून पिरनवाडी, किणये करीत चोर्ल्याच्या रस्त्याने जांबोटी ओलांडली, की जंगलाच्या कडेला एका कुटुंबाने आपल्या जुन्या घरात आणि मागच्या काजूच्या बागेत चालवलेले निसर्ग-निवास आहे. गेली नऊ वर्षे आम्ही दर पावसाळ्यात तेथे दोन रात्री राहतो. यंदा जुलैत गेलो, तेव्हा जेवणघराच्या भिंतीवर विस्ताराचा नकाशा लावलेला होता. सध्याच्या नऊ खोल्यांना जोडून चौदा कॉटेजेस, पोहण्याचा तलाव आणि लग्नकार्यासाठी तीनशे माणसांचे सभागृह असा तो आराखडा आहे. घरमालक काकांनी नेहमीच्या पाहुण्यांना आपले मत लेखी कळवायला सांगितले. ते मत नव्याने जाणाऱ्यांच्याही उपयोगी पडेल, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे. आराखड्याचा निर्णय अजून घरातच चालू असल्याने ठिकाणाचे नाव देत नाही. जे तेथे राहून आले आहेत, त्यांना ते लगेच ओळखू येईल.

प्रथम जे चांगले आहे ते सांगते, कारण विस्तारात नेमके तेच पणाला लागणार आहे. काकू आणि त्यांची सून दोघीच स्वयंपाक करतात. सकाळी चुलीवर तांदळाची भाकरी थापली जाते, तव्यावरून निघून निखाऱ्याशेजारी फुगते आणि तशीच ताटात येते. पाहुणे दहा असोत की अठरा, थंड भाकरी मी तेथे एकदाही खाल्लेली नाही. जुलैत फोडशीची भाजी, नशीब असेल तर रानातली अळंबी, कुळथाचे सार आणि रात्री मऊ भात मिळतो. तो भात शहापूर-वडगाव शिवारातल्या जुन्या बासमतीचा, त्यामुळे झाकण काढताच वास पडवीपर्यंत येतो. पहाटे पन्हाळीतून पाणी पडत असते आणि ओढ्याकडून शीळकरी कस्तुराची लांबलचक शीळ ऐकू येते. माझ्या सासूबाई वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी केवळ ती शीळ ऐकण्यासाठी एवढा घाटरस्ता सहन करतात.

कुटुंबाची अडचणही खरी आहे. जून ते सप्टेंबर आणि मे महिन्याची सुट्टी सोडली, तर आठवड्याचे पाच दिवस खोल्या रिकाम्या असतात, मात्र कामगारांचा पगार आणि कौलांची डागडुजी बारा महिने चालूच राहते. धाकट्या मुलाने हिमाचलात बर्फावरच्या खेळांच्या एका हॉटेलात तीन हिवाळे काम केले आहे. तो मला म्हणाला, “ताई, त्यांचा धंदा बर्फावर, आमचा पावसावर. दोघांनाही चार महिन्यांत वर्षाचे कमवायचे असते.” बर्फ कमी पडला तर पाणी आणि दाबाची हवा फवारून यंत्राने बर्फ तयार करता येतो, पण पाऊस तयार करता येत नाही, हेही त्यानेच सांगितले. त्याचे एक निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. घसरण्याचे उतार तेवढेच ठेवून वर नेणाऱ्या पाळण्यांची क्षमता वाढवली, तर खालची रांग कमी होते, पण तीच गर्दी वर उतारावर जमते.

जांबोटीच्या या जागेत तो न वाढणारा उतार म्हणजे पाणी. एवढा पाऊस पडणाऱ्या मुलखात पाण्याची चिंता कसली, असे शहरातल्या माणसाला वाटते. पण जमीन जांभ्याची आहे. जांभा पाणी झपाट्याने पितो आणि तितक्याच झपाट्याने सोडून देतो. त्यामुळे जुलैत काठोकाठ भरलेली विहीर एप्रिलअखेर तळ दाखवते, आणि गेल्या मे महिन्यात तेथे टँकर मागवावा लागला होता. चौदा कॉटेजेसची स्नानगृहे, तलाव आणि तीनशे माणसांच्या पंगती या एकाच विहिरीवर कशा चालतील? लग्नसराईचा मोठा भाग नेमका त्याच कोरड्या दिवसांत येतो. सांडपाण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. जांभ्यात खणलेल्या शोषखड्ड्यातले पाणी फटींतून दूरवर झिरपते, आणि नकाशात नवे खड्डे विहिरीच्या वरच्या अंगाला दाखवलेले आहेत. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा याच टापूतून सौंदत्तीजवळच्या नवीलतीर्थ धरणाकडे जाते आणि पुढे अनेक गावांच्या नळांत पोहोचते. तिच्या उगमाकडच्या माणसांनी तरी याबाबत अधिक काटेकोर असावे, असे मला मनापासून वाटते.

सभागृहाला माझा स्पष्ट विरोध आहे. पलीकडे भीमगडचे जंगल आहे, जे 2011 मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले; जगात फार थोड्या ठिकाणी आढळणारे रॉटनचे वटवाघूळ त्याच टापूतल्या बारापेडे गुहांत राहते. रात्री गवे बागेच्या कुंपणापर्यंत येतात. अशा जागी रात्री अकरापर्यंत ध्वनिक्षेपक लावणे योग्य नाही.

घाईने केलेल्या वाढीचा अनुभव आम्ही घेतलेलाच आहे. दोन वर्षांपूर्वी मागच्या बाजूला सपाट स्लॅबच्या तीन खोल्या बांधल्या गेल्या. यंदा आम्हाला त्यांतली एक मिळाली. पहिल्याच रात्री खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून पाणी झिरपू लागले, गादीची एक कड ओली झाली आणि भिंतीवरची ओल हाताला लागत होती. काकांनी रात्री दहा वाजता स्वतः येऊन आम्हाला जुन्या घरातली माजघराची खोली उघडून दिली आणि त्या रात्रीचे पैसे घेतले नाहीत. जुन्या घराच्या उतरत्या कौलांखाली मात्र नऊ वर्षांत एक थेंब पडलेला नाही. खानापूरच्या मातीने कौलांसाठी नाव कमावले आहे, आणि या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या घरे कशी बांधली गेली याचे उत्तर त्या छपरातच आहे.

म्हणून माझे लेखी मत असे दिले आहे: आधी त्या तीन खोल्यांवर कौलारू छप्पर चढवावे, छपराचे पाणी साठवायला मोठी टाकी बांधावी, सांडपाणी शुद्ध करून बागेला देण्याची सोय विहिरीच्या खालच्या अंगाला करावी, आणि त्यानंतर चारच नव्या खोल्या घ्याव्यात. मुलाच्या कागदांत एक पान मला नकाशापेक्षा जास्त आवडले. त्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पक्षिनिरीक्षण, भाताच्या मळणीचे दिवस आणि काजूच्या बागेतले काम पाहुण्यांना दाखवण्याची कल्पना आहे. रिकामे दिवस भरण्यासाठी तेथे एक वीटही रचावी लागणार नाही. काकूंनीही एक अट घातली आहे, की आपल्या चुलीवर होईल त्याहून जास्त माणसांचे जेवण बाहेरच्या आचाऱ्याकडून करायचे नाही. माझ्या दृष्टीने खोल्यांचा आकडा त्या अटीवरूनच ठरायला हवा.

यंदा जाणाऱ्यांनी जुन्या घरातलीच खोली आग्रहाने मागावी, अळंबीसाठी मृगानंतर फोन करून चौकशी करावी आणि विजेरी बरोबर ठेवावी. आम्ही पुढच्या जुलैसाठी माजघराची खोली सांगून ठेवली आहे.