रिस्टोअर केलेली पोर्शे ९११ घ्यायची ठरलीय, पण एससी की ३.२ कॅरेरा?

एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या इंजिनची जुनी पोर्शे ९११च घ्यायची हे ज्यांचं पक्कं झालंय त्यांच्यासाठी लिहितोय. शोधाशोध करता करता बहुतेक जण शेवटी याच दोन गाड्यांपाशी येतात, १९७८ ते ८३ची एससी आणि १९८४ ते ८९ची ३.२ कॅरेरा. दोन्हींची बॉडी झिंक-कोटेड, दोन्हींना इथे जर्मनीत जुन्या ऐतिहासिक गाड्यांची एच नंबरप्लेट मिळू शकते, म्हणजे टॅक्स वर्षाला १९१ युरोच्या आसपास आणि स्टुटगार्टच्या ग्रीन झोनमध्ये, जिथे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना बंदी असते, तिथेही अडचण नाही.

आधी एससी, कारण तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. तीन लिटरचं इंजिन फार दणकट, १९७८च्या ईस्ट आफ्रिकन सफारी रॅलीत विक प्रेस्टन ज्युनिअरने एससीच दुसऱ्या नंबरवर आणली होती. पेट्रोलचं इंजेक्शन मेकॅनिकल, कॉम्प्युटरची भानगड नाही. मित्राची रिस्टोअर केलेली एससी मी बरीच चालवलीय, तिचा आवाज जरा खरखरीत आहे आणि मला विचाराल तर ३.२ पेक्षा गोड. फक्त घेताना इंजिनातली टायमिंग चेन ताणून धरणारे, ३.२ वाले ऑइलवर चालणारे चेन टेन्शनर बसवलेत का तेवढं विचारून घ्या.

मग मी ३.२ का घेतली, तर गिअरबॉक्ससाठी. एससीला ९१५ गिअरबॉक्स. आम्ही राहतो स्टुटगार्टच्या खोलगट भागात, घरातून निघालं की थोड्याच वेळात नॉय वाइनश्टायगेचा चढ लागतो. गाडी थंड, गिअर ऑइल घट्ट, अशात पहिल्यातून दुसऱ्यात टाकायला जावं तर लिव्हर अडतो, घाई केली की कर्र आवाज, म्हणून मधे न्यूट्रलला जरा थांबायचं, तेवढ्यात चढावर वेग पडतो आणि मागून हॉर्न. याला बिघाड म्हणता येणार नाही, त्या जुन्या सिंक्रोचा, म्हणजे गिअर जुळवून घेणाऱ्या यंत्रणेचा, स्वभावच तसा, ऑइल गरम झालं की छान चालतो आणि सवय होते असंही लोक सांगतात, ते खरंच असेल. पण रोज सकाळी पहिली दहा मिनिटं गाडीची मनधरणी करायची हे मला जमेना.

३.२ ला नंतर आलेल्या जी५० गिअरबॉक्समध्ये हा प्रश्नच नाही, थंडीतही दुसरा गिअर सरळ पडतो, क्लचही हायड्रॉलिक. पण लक्षात ठेवा, जी५० १९८७च्या मॉडेलपासून आला, त्याआधीच्या ३.२ मध्ये ९१५च आहे. ओळखायचं सोपं, जी५०चा रिव्हर्स डावीकडे पुढे असतो. आणि स्वस्तात एससी घेऊन नंतर जी५० बसवू असं कुणाच्या डोक्यात असेल तर मागच्या सस्पेन्शनची टॉर्शन बार ट्यूबच आड येते, मोठी कापाकापी आहे ती.

३.२ मध्ये सगळं गोड आहे असं नाही. जी५०वाल्या गाडीला पैसे जास्त मोजावे लागतात, व्हॉल्व्ह गाइड लवकर झिजतात, आणि डीएमई रिले (इंजिनाच्या कॉम्प्युटरला आणि पेट्रोल पंपाला वीज देणारा स्विच) गेला की गाडी जागच्या जागी बंद, म्हणून एक स्पेअर कायम गाडीत ठेवावा. तरी १९८१ मध्ये पीटर शुट्झ पोर्शेचा प्रमुख म्हणून आला आणि त्याने ९११ बंद करायचा बेत हाणून पाडला, म्हणून ही गाडी झाली, याचं मला अजून बरं वाटतं.

तुमचं घर सपाटीवर असेल आणि गाडी फक्त रविवारी काढायची असेल तर एससी घ्या, चुकणार नाही. रोजची असेल तर माझं मत तुम्हाला कळलंच असेल. काहीही बघायला गेलात तरी विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि पोचल्यावर आधी इंजिनवर हात ठेवून ते थंड आहे ना बघा, गिअरबॉक्सचा खरा स्वभाव थंड गाडीतच कळतो.