911 आर की जीटी3 टूरिंग: पाटीचे पैसे की गाडीचे?

दोन्ही गाड्या पोर्शच्या, दोन्ही 911 या स्पोर्ट्स कारच्याच आवृत्त्या. मागे मोठा पंख कुणालाच नाही, क्लचचं पेडल मात्र दोघींना आहे. टर्बो नसलेलं चार लिटरचं इंजिन, 500 अश्वशक्ती, सहा गिअर. मग एकीसाठी इतके जादा पैसे का मोजायचे?

911 आर मार्च 2016 मध्ये जिनिव्हात आली. फक्त 991 गाड्या, कारण त्या पिढीचा अंतर्गत क्रमांकच 991. जर्मनीतली किंमत होती सुमारे 1 लाख 89 हजार युरो. वाटपात पोर्शच्याच 918 स्पायडर या महागड्या सुपरकारच्या मालकांना आधी विचारलं गेलं; बाकीच्यांनी नुसतं बघत बसायचं. काही महिन्यांतच पुनर्विक्रीचे भाव मूळ किमतीच्या कित्येक पट झाले. त्यात 1967 च्या जुन्या आरची पुण्याईही होती. ती जेमतेम वीसेक बनली होती.

2017 मध्ये टूरिंग आली. किंमत होती सुमारे 1 लाख 52 हजार युरो, संख्येवर बंधन नव्हतं. आरचे भाव घसरले. मॅन्युअल गिअर आणि बिनपंखाची पाठ ही आरची मक्तेदारी उरली नाही, हे बाजाराला कळलं.

गंमत अशी की इंजिन टूरिंगचंच नवं आहे. त्यातून झडपांची फट आपोआप जुळवणारे हायड्रॉलिक समायोजक काढून टाकले, म्हणून ते मिनिटाला 9000 फेऱ्यांपर्यंत जातं. आरचं 8500 वर थांबतं. संग्राहक जास्त पैसे देतो ते जुन्या इंजिनाला!

पण आरला निव्वळ पाटी म्हणणंही अन्यायाचं. छत मॅग्नेशियमचं, बॉनेट आणि पुढचे मडगार्ड कार्बनचे, मागची काच प्लॅस्टिकची, आवाज अडवणारं अस्तर कमी. वजन 1370 किलो, टूरिंगचं 1413. आणि हलकं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक. ते पर्यायी होतं, पण असेल तर अॅक्सिलरेटर सोडताच फेऱ्या झरकन उतरतात, गाडी सिग्नलला उभी असताना खडखडते, नवख्याच्या हातात बंदही पडते. ही चीज टूरिंगमध्ये नाही. आर घ्यायचीच तर फ्लायव्हील असलेलीच शोधा. त्याशिवायची मला अर्धवट वाटते.

आता खरा हिशेब. आरच्या प्रत्येक किलोमीटरमागे तिची किंमत थोडी झिजते, म्हणून बहुतेक आर आच्छादनाखाली उभ्या असतात. दर रविवारी घाटात न्यायची असेल तर टूरिंग घ्या, आणि वाचलेल्या पैशात टायर-ब्रेकची चिंता मिटवा. गॅरेजमध्ये आधीच तीन-चार गाड्या असतील आणि डॅशबोर्डवरच्या क्रमांकाच्या पट्टीने शांत झोप लागत असेल, तर आर.

हे सगळं परदेशात राहणाऱ्यांसाठी. भारतात तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी आयात करू देत नाहीत, त्यामुळे तिकडची 2016 ची आर काय किंवा 2017 ची टूरिंग काय, मुंबई बंदरावर उतरवून घेता येणार नाही.