चाळिशीनंतर नेटवर्क सपोर्टची तयारी: जुने स्विच आणि पॅकेट ट्रेसर, आठ महिन्यांच्या वापरानंतर

पदवीशिवाय नेटवर्क सपोर्टच्या नोकरीसाठी घरी सराव करायचं साहित्य एवढंच: सिस्को कॅटलिस्ट २९६०चे दोन जुने स्विच (संगणक एकमेकांना जोडणारी पेटी), यूएसबी कन्सोल केबल (लॅपटॉपवरून स्विचला थेट आज्ञा द्यायला), क्रिंपिंग टूल (केबलच्या टोकाला प्लग बसवायला), साधा केबल टेस्टर आणि पॅकेट ट्रेसर (संगणकावर नेटवर्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर). पॅकेट ट्रेसर सिस्को नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवलं की मोफत मिळतो. सीसीएनए या सिस्कोच्या नेटवर्किंग प्रमाणपत्राच्या परीक्षेलाही पदवीची अट नाही.

मत आधीच सांगतो: नुसत्या पॅकेट ट्रेसरवर थांबू नका. व्हीलॅन (एकाच स्विचवरचे वेगळे नेटवर्क), ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहून नेणारा दुवा), राउटिंग (एका नेटवर्कमधून दुसऱ्यात डेटा पाठवणं) त्यात छान शिकता येतं. पण त्यातली वायर कधी अर्धवट तुटत नाही, आणि सपोर्टमधली सुरुवातीची कामं बहुतेक तसलीच असतात.

केबलवर सर्वांत जास्त वेळ द्या. ५६८-बी, म्हणजे प्लगमध्ये तारा लावायचा ठरलेला क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. चाळिशीनंतर पिवळ्या दिव्याखाली पांढरा-नारिंगी आणि पांढरा-तपकिरी सारखेच दिसतात. पांढरा दिवा आणि जवळचा चष्मा हवाच. जोडीतल्या तारांचा पीळ १३ मिमीपेक्षा जास्त उलगडू नका. निळी किंवा तपकिरी तार नीट बसली नसली तरी २९६०च्या १०० एमबीपीएस पोर्टवर केबल चालते, कारण तिथे १, २, ३ आणि ६ याच पिना लागतात. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, म्हणून तीच केबल गिगाबिट पोर्टवर लिंकच देत नाही किंवा वेग १०० वर घसरतो. टेस्टरवरही पूर्ण भिस्त नको. दोन्ही टोकांना जोड्या ओळीने १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा घातल्या, तर आठही दिवे बरोबर लागतात. पण ३ आणि ६ वेगवेगळ्या पिळांत जातात आणि सिग्नल एकमेकांत मिसळतो. मग स्विचच्या ‘शो इंटरफेसेस’ या आज्ञेत सीआरसीचा, म्हणजे खराब होऊन आलेल्या डेटाचा, आकडा वाढताना दिसतो.

जुन्या स्विचवर आधीच्या मालकाचा पासवर्ड हमखास असतो. कन्सोलची सेटिंग: ९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. पॉवर जोडताच १५ सेकंदांत मोड बटण दाबा आणि सिस्टम दिवा क्षणभर अंबर होऊन स्थिर हिरवा होईपर्यंत धरून ठेवा. मग ‘फ्लॅश इनिट’, पासवर्ड असलेल्या ‘कॉन्फिग डॉट टेक्स्ट’ फाइलचं नाव बदलायचं आणि ‘बूट’. ‘व्हीलॅन डॉट डॅट’ही पुसा, नाहीतर जुने व्हीलॅन तसेच राहतात. कन्सोल केबल विंडोजला दिसलीच नाही, तर नकली चिपची शंका आधी घ्या; एफटीडीआय चिपची केबल कमी त्रास देते.

लॅपटॉपला १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता मिळाला, तर डीएचसीपीकडून (आपोआप पत्ते वाटणारी सेवा) उत्तर आलेलं नाही. स्पॅनिंग ट्रीमुळे (स्विचमधली लूप, म्हणजे डेटा गोल फिरत राहणं, टाळणारी सोय) नुकतंच जोडलेलं पोर्ट साधारण ३० सेकंद डेटा पुढे पाठवत नाही, तेवढ्यात लॅपटॉपची विचारणा वाया जाऊ शकते. लॅपटॉपच्या पोर्टवर पोर्टफास्ट (ही वाट बघणं टाळणारी सेटिंग) लावा. दोन स्विचमधल्या पोर्टवर मात्र मुळीच नको, लूप होऊ शकते.

मुद्दाम केलेला प्रत्येक बिघाड वहीत लिहा: लक्षण, पहिला संशय, तपासणी, कारण, उपाय. पदवी नसताना मुलाखतीत बोलायला हीच वही कामी येते. आयपी पत्त्याला पिंग (समोरून उत्तर येतं का ते पाहणारी चाचणी) जातो पण नावाने नाही, म्हणजे आधी डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बघायचा, हे तोंडातून आपोआप निघालं पाहिजे.

२४ पोर्टच्या स्विचचा पंखा बराच आवाज करतो. झोपायच्या खोलीत लॅब मांडायची असेल तर पंखा नसलेला ८ पोर्टचा घ्या.